बाबांचे चार लाख, माझं बी-वन आणि जर्मनी

पत्र आधी देते, थोडं कापून. (त्यातलं ए-टू, बी-वन म्हणजे जर्मनच्या पायऱ्या, ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात.)

"ताई, मी इंदिरानगरला राहते, एसवायबीएस्सीला आहे, मायक्रोबायोलॉजी. दीड वर्ष झालं जर्मन शिकतेय, ए-टूची परीक्षा झाली, बी-वनचा क्लास चालू आहे. मला शिकायला बाहेर जायचंच आहे पण कसं ते कळत नाही. क्लासचे सर म्हणतात समर कोर्स कर. मैत्रीण ओ-पेअर म्हणून चाललीय, ती म्हणते तू पण चल. आणि एका कन्सल्टन्सीवाल्याने सांगितलं की टीवाय करायची पण गरज नाही, आत्ताच प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बॅचलर्सला टाकतो, साडेतीन लाख आत्ता भरा, बाकी लोन. बाबा अंबडला कंपनीत आहेत, त्यांनी माझ्यासाठी चार लाख बाजूला काढलेत, त्याच्यापुढे त्यांना शक्य नाही. आई म्हणते तिकडे खाणार काय नि बोलणार कोणाशी. वाचून वाचून डोकं आउट झालंय. काय करू? – गोंधळलेली, नाशिक"

अगं बाई, पत्र वाचलं नि माझा डोळा त्या साडेतीन लाखांवरच अडकला. त्यामुळे आधी तेच. पैसे भरले नसशील तर भरू नकोस, आणि "शुक्रवारपर्यंतच सीट आहे" वगैरे सुरू झालं असेल तर मग अजिबातच भरू नकोस, ॲडमिशन म्हणजे काय संध्याकाळचा भाजीबाजार आहे का.

का ते सांगते. आपल्या नुसत्या बारावीवर जर्मनीत बॅचलर्सला थेट घेत नाहीत. एकतर तिकडे श्टुडिएनकोलेग नावाचं तयारीचं वर्ष करायचं, नाहीतर इथे कॉलेजचं निदान एक वर्ष त्याच लाइनमध्ये पास झालेलं दाखवायचं, नाहीतर जेईई ॲडव्हान्स्ड काढलेली पाहिजे. म्हणजे तुझी दोन वर्षं तुला दारापर्यंत नेतील, पण आत गेल्यावर तू परत पहिल्या वर्षाला बसणार. डिग्री एका वर्षावर आलेली असताना! आणि आपली तीन वर्षांची बीएस्सी तिकडे मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी चालते, हे तो सांगणार नाही. तसंच हेही नाही सांगणार की जर्मनीतल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांना ट्यूशन फीच नसते, सेमिस्टरला साधारण शंभर ते साडेतीनशे युरो भरायचे, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. अपवाद आहेत, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावलीय. बाकी फुकट म्हणावं इतपत. मग कन्सल्टन्सीवाला प्रायव्हेटचंच नाव का घेतो? कारण सरकारी युनिव्हर्सिटी त्याला कमिशन देत नाही. त्याचं दुकान आहे, तो त्याच्याकडे असलेलाच माल दाखवणार, त्यात रागवण्यासारखं काही नाही, फक्त आपण दुकानात उभे आहोत हे लक्षात ठेवायचं. सगळ्या प्रायव्हेट वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण बऱ्याच ठिकाणी वर्षाची फी दहा हजार युरोच्या पुढे जाते, नि त्यावर राहणं-खाणं वेगळं.

आता बाबांना एक आकडा आजच सांगून ठेव, उगाच दोन वर्षांनी धक्का नको. फी शून्य असली तरी डिग्रीसाठी व्हिसा मागताना वर्षभराचा खर्च खात्यात दाखवावा लागतो, त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपये धरला तर बारा लाखांच्या आसपास झाले. हे पैसे कुठे जात नाहीत, तिकडे गेल्यावर दरमहा तुलाच परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात, बहुतेकजण लोन काढूनच करतात. तर चार लाखात डिग्री बसत नाही. चार लाखात काय छान बसतं ते पुढे सांगते.

पण त्याआधी मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य खटकलं. "बाहेर जायचंच आहे." कशासाठी ते पूर्ण पत्रात कुठे नाही. जर्मन पक्कं करायला जायचंय की मायक्रोबायोलॉजी शिकायला जायचंय, का नाशिकमधून बाहेर पडायचंय (तेही चालतं, मी पण त्या वयात तेवढ्यासाठीच धडपडत होते), याच्यावर सगळं ठरतं. आणि एक मोठा गैरसमज आहे आपल्याकडे, की एकदा जर्मनीत पाऊल टाकलं की जर्मन आपोआप येतं. नाही येत गं.

माझा एक जुना विद्यार्थी, इथे माझ्याकडे बी-वनपर्यंत शिकला, हुशार पोरगा, पुढे इंग्लिश मीडियममधून मास्टर्सला गेला. फ्लॅटमध्ये चौघे, एक सिन्नरचा, एक साताऱ्याचा, दोघे पुण्याचे. लेक्चर इंग्लिशमध्ये, लॅब इंग्लिशमध्ये, घरी मराठी, रविवारी क्रिकेट हिंदीत. दोन वर्षांनी एका रात्री अकरा वाजता मला व्हॉट्सॲपवर फोटो आला, घरमालकाच्या ऑफिसचं पत्र, हीटिंगच्या बिलाचं, दोन पानी. "मॅडम यात नक्की काय म्हटलंय?" मी चष्मा लावून वाचलं, खाली ठळक अक्षरात फ्रिस्ट असा शब्द आणि पुढे तारीख, फ्रिस्ट म्हणजे मुदत, आणि ती तारीख होती परवाची. मी म्हटलं, अरे हा शब्द मी तुला ए-टूला शिकवलाय. तर म्हणतो, मॅडम तेव्हा आठवत होता. हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण जाताना त्याचं जर्मन जेवढं होतं त्याच्यापेक्षा आता कमी होतं.

म्हणून तुझे सर जे म्हणतायत ना, समर कोर्स, मी त्यांच्याच बाजूने आहे. आधी चार आठवडे जाऊन ये. डिग्री इथेच पूर्ण कर. मास्टर्सचं नंतर बघू.

समर कोर्स म्हणजे काय, तर जर्मनीतल्या युनिव्हर्सिट्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये, बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी तीन-चार आठवड्यांचे भाषेचे कोर्स घेतात. सकाळी चार-पाच तास वर्ग, दुपारी कधी नाटकाचा ग्रुप, कधी उच्चारांचा तास, शनिवारी ट्रिप. राहायला हॉस्टेलची खोली बहुतेक तेच बघून देतात. पहिल्या दिवशी टेस्ट घेऊन लेव्हलप्रमाणे वर्गात टाकतात. वर्गात कोण असतं, तर एक इटालियन, दोन कोरियन, एक ब्राझीलची, एक जॉर्जियाचा, आणि यांच्यात कॉमन भाषा म्हणजे मोडकंतोडकं जर्मनच. हीच त्याची खरी गंमत आहे. जर्मन माणसासमोर आपण लाजतो, पण त्या कोरियन पोरीचं पण डेर-डी-डास (नामाच्या लिंगाप्रमाणे आधी लावायचे शब्द) चुकतंय म्हटल्यावर तोंड मोकळं सुटतं.

मी स्वतः गेले होते, नव्वदच्या दशकात, ट्युबिंगनला. तेव्हा पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन केलेलं, व्याकरण असं पाठ की झोपेत विचारलं तरी सांगेन. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत गेले, मनात वाक्य जुळवून, दोन ब्र्योटशेन द्या म्हटलं, म्हणजे ते छोटे गोल पाव. काउंटरवरची बाई म्हणाली, "वेकले?" मी म्हटलं नाही, ब्र्योटशेन. ती परत, "यो, वेकले." मागे लाइन वाढतेय, माझे कान गरम झालेत, आणि मला वाटतंय ही दुसरंच काहीतरी विकायला बघतेय. शेवटी मागच्या आजोबांनी बोटाने पाव दाखवला आणि हसले. तर त्या भागात, श्वाबियात, त्या पावाला वेकले म्हणतात, तिकडे म्युनिककडे नि ऑस्ट्रियात झेमेल म्हणतात, बर्लिनला श्रिपे. आपल्याकडे कसं, नाशिकमधून निघून सटाण्याच्या पुढे गेलं की कोणीतरी अहिराणीत "कथा चालना?" म्हणजे कुठे चाललास विचारतं आणि शहरातली पोरं बावचळतात, तसंच. पुस्तकातलं जर्मन चुकीचं नाही, पण ते सगळीकडचं नाही, हे मला त्या पावाच्या काउंटरवर कळलं, वर्गात पाच वर्षं काढून कळलं नव्हतं.

आता पैशाचं. कोर्सची फी ठिकाणाप्रमाणे बदलते, पण युनिव्हर्सिटीचा चार आठवड्यांचा कोर्स हजार युरोच्या आगेमागे धरून चाल, खोली नि खाणंपिणं मिळून अजून सात-आठशे, तिकीट लवकर काढलं तर साठ-सत्तर हजार, शेंगेन व्हिसाची (युरोपात थोड्या दिवसांसाठी जायचा तो) फी ९० युरो, ट्रॅव्हल इन्शुरन्स (३० हजार युरोचं कव्हर असलेलाच लागतो, त्यापेक्षा कमीचा घेऊन जाऊ नकोस). अडीच ते पावणेतीन लाखात बसतं. म्युनिकच्या नादाला लागू नकोस, खोल्या महाग आहेत, आणि टुरिस्टांमुळे सगळे लगेच इंग्लिशवर येतात. लाइप्झिग बघ, तिथलं हेर्डर इन्स्टिट्यूट १९५६ पासून बाहेरच्या पोरांना जर्मन शिकवतंय. येना बघ. छोटी गावं चांगली. हायडेलबर्गचा मोह मात्र मला समजू शकतो, १३८६ ची युनिव्हर्सिटी, जर्मनीतली सगळ्यात जुनी, आणि आपल्यासाठी अजून एक नातं म्हणजे गुंथर सोंथायमर तिथे शिकवायचे, ज्यांनी आपल्या धनगरांबरोबर हिंडून खंडोबा-बिरोबावर आयुष्यभर काम केलं. एक जर्मन माणूस आपल्या मेंढपाळांच्या ओव्या लिहून घेत माळरानावर बसलाय, हे चित्र मी वर्गात नेहमी सांगते, कोणी म्हणालं ना की मॅडम परकी भाषा किती येऊ शकते, तर.

आणि पैसे वाचवायचा एक सरळ रस्ता आहे, डीएएडी. सगळे त्याला डाड म्हणतात. जर्मन युनिव्हर्सिट्यांची ही विद्यार्थी-देवाणघेवाणीची संस्था १९२५ मध्ये सुरू झाली, आणि या उन्हाळी कोर्सेससाठीच त्यांची एक वेगळी स्कॉलरशिप आहे. बॅचलर्सच्या मुलांची निदान दोन वर्षं पूर्ण झालेली लागतात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तू बरोबर बसतेस. अर्ज आदल्या हिवाळ्यातच जातो, म्हणून दिवाळीचा फराळ संपायच्या आत तुझे कागद तयार पाहिजेत. बी-वनची परीक्षा नोव्हेंबरमध्ये देऊन टाक, सर्टिफिकेट हातात असलं की अर्जाला वजन येतं. मोटिव्हेशन लेटरमध्ये कृपा करून "लहानपणापासून मला जर्मन संस्कृतीचं आकर्षण" असलं लिहू नकोस, ते वाचून वाचून त्यांची कंटाळून वाट लागली असेल. लिही की मी नाशिकची, इथे मायको सर्कल नावाचा चौक आहे तो ज्या कंपनीवरून पडला ती आज बॉश आहे, माझे बाबा इंडस्ट्रीत आहेत, मी मायक्रोबायोलॉजी करते, मला अमुक विषयावरचे जर्मन पेपर मूळ भाषेत वाचायचेत. खरं असेल ते लिही. स्कॉलरशिप मिळाली नाही तरी तोच अर्ज नि तेच पत्र युनिव्हर्सिटीला कामाला येतं, काहीच वाया जात नाही.

एक अडचण आत्ताच सांगते कारण ती दर वर्षी कोणाच्या तरी अंगावर येते. तिकडची सुट्टी जुलै-ऑगस्टला, आपली मे महिन्यात. तू कोर्सला जाशील तेव्हा इकडे टीवायचं कॉलेज सुरू झालेलं असणार, प्रॅक्टिकल चुकणार, अटेंडन्सची बोंब. म्हणून जानेवारीतच एचओडी मॅडमना जाऊन भेट, लेखी अर्ज दे, चार आठवडे परवानगीचं पत्र घे. तेच पत्र आणि बोनाफाईड व्हिसाला पण लागतात, कारण तू परत येणार आहेस हे त्यांना पटावं लागतं, आणि टीवाय बाकी असलेली मुलगी परत येणारच, यापेक्षा चांगला पुरावा कुठला. ९० दिवसांच्या आतलं असल्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी मुंबईला जावं लागेल, पंचवटीने सकाळी जा नि संध्याकाळी त्याच गाडीने ये, फाइलमध्ये झेरॉक्सचे दोन सेट.

आता मैत्रिणीचं ओ-पेअर. मी त्याच्या विरोधात नाही, उलट पैसे नसलेल्या मुलींसाठी भाषा शिकायचा तो जुना, सरळ मार्ग आहे. एखाद्या जर्मन कुटुंबात राहायचं, मुलं सांभाळायची, घरात हलकी मदत करायची, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. राहणं-जेवण त्यांचं, शिवाय महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या क्लाससाठी ७० युरो त्यांनीच द्यायचे. अर्जाच्या वेळी वय सत्तावीसच्या आत पाहिजे, जर्मन ए-वन पुरतं. जास्तीत जास्त एक वर्ष. पण ते शिक्षण नाही, त्याने डिग्री पुढे सरकत नाही. आणि घर कसं मिळतं याच्यावर सगळं. माझ्याकडची एक मुलगी गेली होती, तिला पहिल्या महिन्यातच मुलांच्या बरोबरीने तीन मजली घराच्या खिडक्या पुसायला लावल्या, तास मोजायचे बंदच केले, आणि ती बिचारी संकोचाने गप्प. दुसरीला इतकं गोड कुटुंब मिळालं की त्या घरची आजी अजून तिला वाढदिवसाला कार्ड पाठवते, शाईच्या पेनाने लिहिलेलं. तर मैत्रिणीला सांग, करारात तास लिहून घे, सुट्टीचा दिवस लिहून घे, निघायच्या आधी त्या घरातल्या लहान मुलांशी व्हिडिओवर बोल, पोरं सगळं खरं सांगतात. तुला स्वतःला करायचंच असेल तर टीवायनंतर, मास्टर्सच्या आधी एक वर्ष मध्ये घे. आत्ता कॉलेज सोडून नाही.

एक्स्चेंज सेमिस्टरचं पण तू कुठेतरी वाचलं असशीलच. ते तुझ्या कॉलेजचा तिकडच्या युनिव्हर्सिटीशी करार असला तरच होतं. ऑफिसमध्ये जाऊन एकदा विचार, पाच मिनिटांचं काम आहे, नसेल तर विषय संपला.

ऑस्ट्रिया लोक विसरतात. व्हिएन्नाला युनिव्हर्सिटीचे उन्हाळी जर्मन कोर्स आहेतच, आणि पुढे मास्टर्सला सरकारी युनिव्हर्सिटीत युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला ७२६.७२ युरो, म्हणजे आपल्या इथल्या कित्येक प्रायव्हेट कॉलेजांपेक्षा कमी. फक्त तिथे बटाट्याला कार्टोफेल न म्हणता एर्डऍप्फेल म्हणतात, जमिनीतलं सफरचंद, आणि जानेवारीला येनर. सवय होते. स्वित्झर्लंड सध्या विसर, एका कॉफीत इथे मिसळपाव-पार्टी होते, आणि बोलताना ते जे काही बोलतात ते जर्मन लोकांना पण कळत नाही.

मास्टर्सकडे येते. टीवाय झाल्यावर दोन रस्ते. इंग्लिश मीडियमचे मास्टर्स आहेत, मायक्रोबायोलॉजी-बायोटेकमध्ये तर बरेच, पण तिथे सगळ्या जगाची गर्दी. जर्मन मीडियमला गर्दी कमी, पण त्याला सी-वनच्या आसपासचं जर्मन लागतं, म्हणजे टेस्ट-डाफ नावाच्या भाषेच्या परीक्षेत चारही भागात चार, किंवा डीएसएच नावाच्या परीक्षेत दोनची लेव्हल, असं काहीतरी. तू दीड वर्षात बी-वनपर्यंत आलीयस, म्हणजे याच वेगाने टीवायच्या शेवटी बी-टू सहज, आणि सी-वन थोडा दम काढून. माझं मत विचारशील तर ताणून सी-वनला पोच. चारजणींच्या मराठी फ्लॅटमधून आणि त्या हीटिंगच्या पत्रातून तेच वाचवेल तुला, आणि नोकरी शोधताना पण, डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं, त्या १८ महिन्यांत जर्मन नसलेली आणि असलेली मुलं यांच्यात काय फरक पडतो ते मी जवळून पाहिलंय.

मार्कांचं एक गणित करून दाखवते कारण हे कोणी सांगत नाही. जर्मनीत एक म्हणजे सगळ्यात भारी आणि चार म्हणजे काठावर पास, उलटं आहे. आपले मार्क ते बव्हेरियन फॉर्म्युल्याने बदलतात. दहातून तुझा सीजीपीए वजा कर, त्याला सहाने भाग (दहा वजा पासिंगचे चार), तीनने गुण, एक मिळव. ८.२ असेल तर १.९ येतो, एकदम छान. ७ असेल तर २.५, आणि बऱ्याच मास्टर्सची रेघ तिथेच कुठेतरी असते. त्यामुळे टीवायला सीजीपीए सातच्या खाली जाऊ द्यायचा नाही, जर्मनच्या नादात तिकडे दुर्लक्ष केलंस तर सी-वन असून घरी बसशील.

त्यावेळी अजून दोन खर्च येतील. एक एपीएस सर्टिफिकेट, तुझी भारतातली डिग्री खरी आहे का ते तपासून देतात, नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी ते लागतं, १८ हजार रुपये, आणि वेळ खातं, शेवटच्या महिन्यात करू नकोस. दुसरं युनी-असिस्ट, बऱ्याच युनिव्हर्सिट्या अर्ज त्यांच्यामार्फत घेतात, पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. पंचवीस ठिकाणी अर्ज करणारी मुलं बघितलीत मी, कशाला, सहा नीट निवड. तिकडे गेल्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, ते हातखर्चाला धर, लोनचा हप्ता त्यावर ठरवू नकोस. आणि एससी प्रवर्गातली असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती नक्की बघ, समाजकल्याणच्या ऑफिसात माहिती मिळते, बाबांचं टेन्शनच जाईल.

बरं, आत्ता काय. बी-वनच्या परीक्षेचा स्लॉट पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनचा (जर्मन शिकवणारी, परीक्षा घेणारी संस्था) मिळतोय का बघ, नाहीतर मुंबई. (ज्या मॅक्सम्युलरच्या, म्हणजे संस्कृतच्या त्या जर्मन पंडिताच्या, नावाने आपण त्या बिल्डिंगच्या पायऱ्या झिजवल्या तो माणूस आयुष्यात भारतात आला नव्हता, मला हे कळलं तेव्हा उगाच चिडल्यासारखं झालं होतं.) स्लॉट पटापट भरतात, तारीख जाहीर होते त्याच दिवशी बस. आदल्या दिवशीच पुण्याला जा, पहाटेची बस पकडून सकाळच्या पेपरला पोचू असा विचार सुद्धा करू नकोस, चाकणला अडकलीस की संपलं. बी-वनचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात शंभरात साठ लागतात, आणि एखादा गेला तर तेवढाच परत देता येतो, म्हणून घाबरायचं नाही. आपल्या पोरांचं ऐकणं जातं. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर हळू वाचलेल्या बातम्या असतात, फुकट, रोज एक ऐक, आधी न बघता आणि मग मजकूर समोर ठेवून, कॉलेजला जाताना सिटीलिंकमध्ये बसल्या बसल्या होतं ते.

आणि मराठी असण्याचा फायदा घे की. हिंदीवाल्यांना दोनच लिंगं, इंग्लिशवाल्यांना एकही नाही, आपल्याला तो-ती-ते जन्मापासून पाठ आहे. जेवणाच्या टेबलावरच बघ, जर्मनमध्ये चमचा डेर, काटा डी, सुरी डास, तिघांचे तीन. आपले त्यांच्याशी जुळत नाहीत हे खरं, पण "वस्तूला कसलं आलंय लिंग" असं आपण कधी विचारत नाही, अर्धी लढाई तिथेच संपते. आणि ते वाइल म्हणजे 'कारण'नंतर क्रियापद शेवटी टाकायचं, ज्याला सगळं जग रडतं? वाइल इश म्यूडं बिन. कारण मी दमलेली आहे. शब्दाखाली शब्द ठेव, एकही जागा हलत नाही. वर्गात आपण इंग्लिशमधून जर्मन शिकतो म्हणून अडखळतो, मराठीतून विचार करून बघ एक आठवडा.

राहिली आई. बोलणार कोणाशी, तर त्या कोरियन नि ब्राझीलवालीशी, हे तिला सांग, आणि रोज रात्री व्हिडिओ कॉल करीन म्हणू नकोस, एक दिवस चुकला की ती रात्रभर जागी, एक दिवसाआड ठरव. तिकडे उन्हाळ्यात आपल्याहून साडेतीन तास मागे असतात, ती झोपायच्या आधी तुझा वर्ग-बिर्ग उरकलेला असतो. खाणार काय, तर हॉस्टेलमध्ये किचन असतं, आणि युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे कँटीनमध्ये, शाकाहारी ताट रोज मिळतं, बटाटे जास्त, मीठ कमी. तिला आधीच सांग की बॅगेत तूप, पेढे, खवा काही भरायचं नाही, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात नि वर दंड. चिवडा चालतो, भाजणी चालते, गोडा मसाला चालतो पण डबल पिशवीत, माझ्या वेळी फुटला होता आणि ट्युबिंगनमधल्या त्या खोलीचं कपाट महिनाभर आमच्या स्वयंपाकघरासारखं वासत होतं, खालच्या मजल्यावरची पोलंडची मुलगी वास घेत वर आली, आणि तिथूनच आमची ओळख झाली.